कोण, कशाने, केव्हा: मोसमी इन्फ्लुएंझाच्या मृत्युसंख्येचे अनुमान

पंचवटीत रामकुंडावर वर्षाचे बाराही महिने अस्थिविसर्जनासाठी दूरदूरची कुटुंबे येत असतात. तेथील क्षेत्रोपाध्यायांच्या जुन्या वह्यांतून घराण्याघराण्यांच्या नामावळी लिहून ठेवलेल्या असतात. येणाऱ्याने आपले गाव व आडनाव सांगितले की मागील पिढ्यांची नावे निघतात. या वहीचा प्रश्न एकच असतो: कोण? त्याच पंचवटीत महानगरपालिकेच्या मृत्युनोंदणीत दुसरा प्रश्न विचारला जातो: कशाने? मृत्यूचा दिनांक, म्हणजे 'केव्हा' हा तिसरा प्रश्न, त्या नोंदीत असतो खरा. परंतु दाखला मिळाला की त्याचे कार्य संपले असे आपण समजतो.

मोसमी इन्फ्लुएंझामुळे दरसाल किती माणसे दगावतात, हा वरवर पाहता 'कशाने' या रकान्याचा प्रश्न आहे. रकाना उघडावा, इन्फ्लुएंझा लिहिलेल्या नोंदी मोजाव्यात, की उत्तर हाती आले, असे कोणासही वाटेल. प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे ते असे की, हे उत्तर त्या रकान्यात नसते. बहुतांशी ते 'केव्हा' या रकान्यातून अनुमानाने काढावे लागते. असे का व्हावे, याचे कारण जितके वैद्यकात आहे तितकेच भाषेतही आहे, आणि भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयास हात घालण्याचे समर्थनही तेच होय.

१. नावाचा प्रश्न

१९१८ साली जगभर पसरलेली इन्फ्लुएंझाची साथ महाराष्ट्रात आली तेव्हा लोकांनी तिला 'मानमोडी' असे नाव दिले. नाव लक्षणावरून पडले. हाडमोड्या ताप, मुदतीचा ताप, हिवताप ही नावेही याच जातीची; 'देवी' हे नाव तेवढे दैवतावरून आले. लक्षणावरून पडलेल्या नावांचा एक विशेष असा की, साथ ऐन भरात असते तोवर ती नेमकी असतात, आणि साथ ओसरली की त्यांचा आधारच निघून जातो. मानमोडी हा शब्द आज जुन्या आत्मचरित्रांतून व घरोघरच्या ऐकीव आठवणींतून काय तो उरला आहे. 'इन्फ्लुएंझा' हा शब्दही मुळात काही शास्त्रीय निदानातून आलेला नाही. तो इटालियन भाषेतील असून त्याचा अर्थ 'प्रभाव' असा आहे. रोगाच्या मागे ग्रहताऱ्यांचा प्रभाव असतो, या जुन्या समजुतीची खूण त्यात राहून गेली आहे.

दोन मोठ्या साथींच्या मधल्या काळात जो इन्फ्लुएंझा दरवर्षी येतो, त्याला मराठीत स्वतःचे असे नावच नाही. सर्दी-ताप झाला, अंग मोडून आले, छातीत कफ भरला, अलीकडे 'व्हायरल झाले', अशा शब्दांत तो सांगितला जातो. पण याच शब्दांत आणखी दहा रोगही सांगितले जातात. इंग्रजी अमदानीतील मृत्युनोंदीत कारणांचे वर्ग मोजकेच होते: पटकी, देवी, प्लेग, ताप, अतिसार व आमांश, श्वसनाचे रोग, इजा आणि इतर. खेड्यातील नोंद वैद्य नव्हे, तर गावकामगार करीत असत. साहजिकच ज्यास निश्चित नाव नाही असा बहुतेक प्रत्येक मृत्यू 'ताप' या वर्गात जमा होई. १९१८ च्या साथीतील मृत्यूंचा फार मोठा भाग याच एका शब्दाखाली दडलेला आहे.

२. कारण आणि निमित्त

आज परिस्थिती पालटली आहे. परंतु वाटते तितकी नव्हे. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृत्यूची नोंद आवश्यक आहे आणि मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र देण्याची तरतूदही त्यात आहे. तथापि २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी सुमारे २२.५ टक्के मृत्यूंचेच कारण वैद्यकीय दृष्ट्या प्रमाणित झालेले होते.

या प्रमाणपत्राची रचना भाषाभ्यासकाने अवश्य पाहण्यासारखी आहे. त्याच्या पहिल्या भागात एकाखाली एक ओळी असतात. पहिल्या ओळीत तात्कालिक कारण, दुसरीत ते ज्यामुळे उद्भवले ते कारण, तिसरीत मूळ कारण. दुसऱ्या भागात हातभार लावणारे इतर विकार लिहावयाचे. म्हणजे हा फॉर्म वस्तुतः एक वाक्य आहे: श्वसनक्रिया निकामी झाली, ती न्यूमोनियामुळे, न्यूमोनिया झाला, तो इन्फ्लुएंझामुळे, रोग्यास मधुमेह होता. 'मुळे' या शब्दयोगी अव्ययाने जोडलेली ही साखळी जितकी पूर्ण, तितके प्रमाणपत्र खरे. संख्याशास्त्रीय कोष्टकात मूळ कारण म्हणून एकच नाव जाते. साखळी न्यूमोनियापाशीच तुटली तर मृत्यू न्यूमोनियाच्या खात्यात पडतो. 'हृदयक्रिया बंद पडली' एवढेच लिहिले तर कारण लिहिलेच नाही असे होते, कारण हृदयक्रिया बंद पडणे हा प्रत्येक मृत्यूचा प्रकार आहे, हेतू नव्हे.

साखळी तुटते ती केवळ निष्काळजीपणामुळे नव्हे. इन्फ्लुएंझाचा विषाणू घशातील नमुन्यात साधारणपणे आजाराच्या पहिल्या काही दिवसांतच सापडतो. वृद्ध मनुष्य मात्र पुष्कळदा त्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी, जिवाणूजन्य न्यूमोनियाने किंवा आधीच दुबळ्या झालेल्या हृदयावर ताण येऊन दगावतो. तोपर्यंत तपासणी करावयास विषाणू उरलेला नसतो, आणि बहुधा ती तपासणी करावी असे कोणाच्या मनातही येत नाही. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातील जो अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला, त्यात असे आढळले की, इन्फ्लुएंझा प्रयोगशाळेत सिद्ध झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण एरव्हीच्या सुमारे सहापट होते. अशा रोग्याचा मृत्यू झाल्यास प्रमाणपत्रावर हृदयविकार लिहिला जातो. आणि तो चुकीचाही नसतो.

येथे मराठी बोलीने एक सूक्ष्म भेद आपल्यासाठी आधीच करून ठेवला आहे. 'पटकीने गेला' या वाक्यातील तृतीया रोगाला थेट मृत्यूचे साधन ठरवते. 'वार्धक्यामुळे गेले' यात कारण आहे, पण ते सैल आहे. आणि तिसरे वाक्य आपण सर्वांनी कोठे ना कोठे ऐकलेले असते: 'साध्या तापाचे निमित्त झाले आणि आजोबा गेले.' न्यायशास्त्रात समवायी, असमवायी व निमित्त असे कारणाचे तीन प्रकार मानले आहेत, आणि घटाच्या बाबतीत माती हे समवायी तर कुंभार हा निमित्तकारण होय. बोलीतील 'निमित्त' त्या पारिभाषिक अर्थाचे नव्हे. ते झाले नसते तर ही घटना निदान आता घडली नसती, एवढेच त्यात म्हटलेले असते. संख्याशास्त्रज्ञ ज्यांना 'इन्फ्लुएंझा-संबद्ध मृत्यू' म्हणतात, ते बरोबर या तिसऱ्या वाक्यातील मृत्यू आहेत. प्रमाणपत्राचा फॉर्म 'मुळे' विचारतो. आपल्याला मोजावयाचे असते ते 'निमित्त'.

३. मोजलेली संख्या व अनुमानित संख्या

हा भेद लक्षात घेतला म्हणजे परस्परविरोधी भासणाऱ्या आकड्यांचा उलगडा होतो. २०१५ साली देशात एच१एन१ इन्फ्लुएंझाची मोठी साथ आली. केंद्र सरकारच्या रोगसर्वेक्षणानुसार त्या वर्षी ४२,५९२ रुग्ण व २,९९० मृत्यू नोंदले गेले. उलट २०१० ते २०१३ या काळासंबंधी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने, भारतात इन्फ्लुएंझा-संबद्ध श्वसन व रक्ताभिसरण विकारांचे मृत्यू वर्षाला सरासरी सुमारे १ लाख २७ हजार असावेत, असे अनुमान केले. त्याची खालची मर्यादा सुमारे ६४ हजार व वरची सुमारे १ लाख ९० हजार. पहिला आकडा ज्यांच्या नमुन्यात एक विशिष्ट विषाणू प्रत्यक्ष सापडला त्यांचा. दुसरा, ज्यांच्या मृत्यूला कोणताही इन्फ्लुएंझा निमित्त झाला असावा त्यांचा. दोहोंतील अंतर चाळीसपटींहून अधिक आहे, तरी दोन्ही आपापल्या प्रश्नाची प्रामाणिक उत्तरे आहेत. साऱ्या जगासाठी दरसाल २ लाख ९० हजार ते ६ लाख ५० हजार हा जो आकडा दिला जातो, तो केवळ श्वसनविकारांच्या मृत्यूंचा आहे. तो भारताच्या वरील आकड्याशेजारी तसाच ठेवून तुलना करणे योग्य नव्हे.

१९५७ च्या साथीचे उदाहरणही बोलके आहे. तेव्हा देशात सुमारे ४४ लाख रुग्णांची नोंद झाली, आणि मृत्यू नोंदले गेले ते अकराशेच्या आसपास. इतक्या मोठ्या साथीत इतके थोडे मृत्यू झाले, असा याचा अर्थ लावण्यापेक्षा, मृत्यू झाले ते दुसऱ्या नावांनी नोंदले गेले, असा अर्थ लावणे अधिक सयुक्तिक वाटते.

१९१८ च्या साथीचा आकडा तर शंभर वर्षे बदलत राहिला आहे. तत्कालीन सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी १९१९ च्या प्राथमिक अहवालात सुमारे ६० लाखांचा अंदाज दिला. १९२१ च्या जनगणनेच्या अहवालाने तो १ कोटी २० ते ३० लाखांवर नेला. इतिहाससंशोधक मिल्स यांनी १९८६ साली १ कोटी ७० ते ८० लाख हा आकडा मांडला. तर २०१२ साली चंद्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ ब्रिटिश प्रांतांपुरता सुमारे १ कोटी ३९ लाखांचा अंदाज केला. यांपैकी कोणीही मानमोडीची नावनिशीवार यादी मोजलेली नाही. 'त्या काळात एरव्ही किती मृत्यू झाले असते, आणि प्रत्यक्षात किती झाले' हीच प्रत्येकाची रीत आहे. फरक पडला तो नोंदीतील उणीव किती धरावी, संस्थानांचा प्रदेश कसा जमेस घ्यावा आणि 'एरव्ही' म्हणजे नेमके काय, यांमुळे. नोंद करणारेच आजारी पडल्यामुळे साथीच्या ऐन भरात नोंद ढासळली होती, हेही विसरता येत नाही. मुंबई शहरात नोंद बऱ्यापैकी चालू राहिली, म्हणून ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी तेथे ७६८ मृत्यू झाले हे आपण जाणतो. खेड्यांविषयी असे दिवसवार ज्ञान आपल्याजवळ नाही.

४. 'एरव्ही' म्हणजे काय?

या पद्धतीचा पाया १८४७ च्या लंडनमधील साथीच्या वेळी विल्यम फार यांनी घातला. इन्फ्लुएंझा म्हणून नोंदलेल्या मृत्यूंपेक्षा, त्याच आठवड्यांत श्वासनलिकादाह, न्यूमोनिया, दमा इत्यादी नावांखाली वाढलेले मृत्यू कितीतरी अधिक आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. नाव बाजूस सारून काळाकडे पाहण्याची ही दृष्टी होती. १९६३ साली अमेरिकेतील सर्फलिंग यांनी तिला गणिती रूप दिले. मृत्युसंख्या ऋतूंबरोबर दरवर्षी नियमाने चढते व उतरते. हा चढउतार लाटेसारख्या वक्राने दाखवून, साथ नसलेल्या आठवड्यांवरून अपेक्षित मृत्यूंची आधाररेषा काढावयाची, आणि साथीच्या आठवड्यांत तिच्या वर गेलेला भाग 'अतिरिक्त मृत्यू' म्हणून मोजावयाचा.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एखाद्या प्रदेशात श्वसन व हृदयविकारांनी आठवड्याला २०० मृत्यू अपेक्षित आहेत. साथीच्या दहा आठवड्यांत अपेक्षित २,००० ऐवजी २,२६० मृत्यू झाले. प्रमाणपत्रांवर मात्र 'इन्फ्लुएंझा' बाराच ठिकाणी लिहिलेले आहे. अतिरिक्त मृत्यू २६०. हे २६० कोण, हे विचारता येणार नाही. एकाही नोंदीकडे बोट दाखवून 'हा त्यांतील एक' असे म्हणता येत नाही, आणि तरीही ते २६० आहेत. अनुमानाने 'किती' याचे उत्तर मिळवताना 'कोण' या प्रश्नावर पाणी सोडावे लागते.

पुढील पायरी समाश्रयणाची. यात प्रयोगशाळांकडे आलेल्या नमुन्यांपैकी दर आठवड्याला किती टक्क्यांत इन्फ्लुएंझाचा विषाणू सापडला, ही संख्या मृत्युसंख्येशेजारी मांडली जाते. विषाणूचे प्रमाण वाढले असता मृत्यू किती वाढतात ते गणिताने काढतात, आणि विषाणू शून्य असता मृत्यू किती झाले असते याच्याशी तुलना करतात. 'निमित्त' या शब्दातील अर्थ तो हाच: ते झाले नसते तर.

५. आपल्या पावसाळ्याची अडचण

युरोप-अमेरिकेत इन्फ्लुएंझा हिवाळ्यात येतो. महाराष्ट्रात त्याचा मुख्य भर पावसाळ्यात असतो आणि दुसरा, लहानसा भर हिवाळ्याच्या उत्तरार्धात येऊ शकतो. पावसाळ्यातच डेंग्यू, हिवताप, लेप्टोस्पायरोसिस व अतिसार हेही वाढतात. म्हणून ऑगस्टमधील अतिरिक्त मृत्यू सरसकट इन्फ्लुएंझाच्या नावावर टाकणे ही नोंदवहीतील 'ताप' या जुन्या शब्दाचीच नवी आवृत्ती ठरेल. विषाणूंच्या साप्ताहिक सर्वेक्षणाशिवाय येथे पाऊल टाकता येत नाही. १९५२ साली पुण्यात स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राचे, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचे, महत्त्व या दृष्टीने मोठे आहे.

दुसरी अडचण आधाररेषेची. २०२० व २०२१ ही कोविडची वर्षे 'एरव्ही'च्या हिशेबात धरली तर अपेक्षित संख्याच फुगते आणि पुढील वर्षांचा इन्फ्लुएंझा अदृश्य होतो. त्या दोन वर्षांतील भारताच्या अतिरिक्त मृत्यूंविषयी जागतिक आरोग्य संघटनेचा सुमारे ४७ लाखांचा अंदाज आणि सुमारे ४ लाख ८० हजारांची अधिकृत संख्या यांवरून झालेला वाद सर्वांच्या स्मरणात आहे. भारत सरकारने त्या अंदाजाच्या पद्धतीवरच आक्षेप घेतला होता. त्या वादाने एक गोष्ट स्पष्ट केली: अनुमान कितीही कुशल असले तरी नोंदीतील उणीव ते स्वतःच्या गृहीतांनी भरून काढते, आणि गृहीते वादातीत नसतात.

६. पंचवटीपुरता हिशेब

आता मूळ गावी परत येऊ. पंचवटीत गेल्या पावसाळ्यात इन्फ्लुएंझाचे निमित्त होऊन किती माणसे गेली, हे सांगता येईल काय? वरील राष्ट्रीय अनुमान लोकसंख्येवर वाटले तर दर लाखामागे वर्षाला साधारण दहा मृत्यू येतात. हजारी सहाच्या आसपास मृत्युदर धरला तर लाख वस्तीत वर्षाला सहाशे, म्हणजे आठवड्याला अकरा-बारा मृत्यू होतात. साथ बारा आठवडे चालली तर त्या काळात एरव्ही सुमारे १३८ मृत्यू व्हावयाचे. अशा संख्येत केवळ यदृच्छेने होणारा चढउतार तिच्या वर्गमुळाइतका, म्हणजे बाराच्या आसपास असतो. त्यात दहांची भर पडली तर ती ओळखू येणार नाही. दहा घरांत दुःख झालेले असेल आणि आलेख मात्र निश्चल दिसेल.

हाच हिशेब जिल्ह्यासाठी करावा. २०११ च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ६१ लाख. बारा आठवड्यांत अपेक्षित मृत्यू साडेआठ हजारांच्या घरात. यदृच्छेचा चढउतार सुमारे ९२. आणि इन्फ्लुएंझाची भर, वरील दरानेच, सुमारे ६१०. प्रत्यक्षातील चढउतार या साध्या गणितापेक्षा अधिक असतो, तरीही एवढी भर लपून राहण्याचे कारण नाही. जे वस्तीच्या पातळीवर दिसणे अशक्य, ते जिल्ह्याच्या पातळीवर दिसू शकते, मात्र जिल्ह्यातील नोंदी आठवडेवार एकत्र आल्या पाहिजेत.

यात पंचवटीच्या स्वतःच्या दोन विशेष अडचणी आहेत. मृत्यू जेथे घडतो तेथे नोंदला जातो. त्यामुळे पेठ, सुरगाणा किंवा दिंडोरीहून शहरातील रुग्णालयात आणलेल्या रोग्याचा मृत्यू शहराच्या नोंदीत येतो, आणि राहत्या ठिकाणाचा रकाना नीट भरला नसेल तर शहर उगाच रोगट व खेडे उगाच निरोगी दिसते. दुसरी अडचण सिंहस्थाची. २०१५ साली नाशिकची शाही स्नाने २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर व १८ सप्टेंबर या दिवशी झाली. २०२७ ची स्नानेही पावसाळ्यातच आहेत. इन्फ्लुएंझाचा जो मुख्य हंगाम, त्याच हंगामात रामकुंड व तपोवनाच्या परिसरात लाखो यात्रेकरू एकत्र येतात. त्या आठवड्यांत मृत्यूला भागावयाची लोकसंख्या कोणती, याचेच उत्तर स्थिर राहत नाही. आणि येथे संसर्ग झालेला यात्रेकरू दगावला तरी तो पंधरा दिवसांनी, आपल्या गावी. त्याच्या मृत्यूचे 'केव्हा' व 'कोठे' दोन्ही पंचवटीच्या वहीबाहेर जातात.

हा सारा खटाटोप केवळ जिज्ञासेचा नव्हे. इन्फ्लुएंझाची लस देशाच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात नाही. ती वृद्धांना व दीर्घकालीन रुग्णांना सार्वजनिक खर्चाने द्यावी की न द्यावी, हा निर्णय घेताना धोरणकर्त्यांसमोर वर्षाचे तीन हजार मृत्यू ठेवले तर उत्तर एक येते, आणि सव्वा लाख ठेवले तर दुसरे. 'साध्या तापाचे निमित्त' हा शब्दप्रयोग घरात सांत्वनाचा असतो. सरकारी कोष्टकात मात्र त्याला रकानाच नाही, आणि म्हणून त्याला खर्चाची तरतूदही नाही.

भाषेच्या अभ्यासकांना येथे करण्याजोगे काम आहे. ज्या मृत्यूंना वैद्यकीय प्रमाणपत्र नसते, त्यांच्या नातेवाइकांना लक्षणे विचारून कारण ठरवण्याची मौखिक पद्धत आपल्याकडे नमुना नोंदणी योजनेच्या आधारे वापरली गेली आहे. ही पद्धत इन्फ्लुएंझाला स्वतंत्र ओळखू शकत नाही. पण श्वसनाचे मृत्यू इतर तापांपासून वेगळे काढू शकते, आणि तेवढ्यानेही आधाररेषा पुष्कळ स्वच्छ होते. तिचे सारे यश प्रश्नांच्या शब्दांवर अवलंबून आहे. धाप, दम, कफ, ठसका, अंग मोडणे हे शब्द प्रमाण मराठीत जे सांगतात, तेच बागलाण-मालेगावकडील अहिराणीत किंवा सुरगाणा-पेठच्या कोकणा बोलीत सांगतात काय? रोगवाचक शब्दांचा तालुकावार संग्रह आणि त्यांच्या अर्थकक्षांची नोंद, हे पदव्युत्तर प्रबंधास पुरेसे व आरोग्य खात्यास उपयोगी असे कार्य होय. आपल्या विद्यार्थ्यांपैकी दोघा-तिघांनी जरी ते हाती घेतले, तरी २०२७ च्या पावसाळ्यापूर्वी त्याचा काही भाग पुरा होऊ शकेल.